सोजराबाईची खोट

"मंग मी काय खोटं बोलती व्हय, सायेब? चौदा वर्सं झाली मला या कंपनीत. एक तरी पीस दावा, म्या चांगला म्हनला आन फुटका निघाला!"

"मावशी, पीसचा विषय नाहीये. पायाचा विषय आहे."

"पाय बी मपलाच हाय ना? का दुसऱ्याचा घालून आली?"

निमिषसाहेबाला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. पोरगं वाईट नव्हतं. वाकडहून रोज गाडीनं यायचं, सगळ्यांना अहो-जाहो करायचं. कंपनीत माणसांचा विभाग त्याच्याकडं होता. त्यानं लॅपटॉप फिरवून सोजराबाईच्या पुढं केला. कॅमेऱ्यातलं चित्र होतं. शेडमधल्या गुळगुळीत फरशीवरनं सोजराबाई टेबलाकडनं पाण्याच्या टाकीकडं चालली होती. चांगली नीट, ताठ. मग त्यानं दुसरं चित्र लावलं. शेडच्या मागच्या यार्डात, भट्टीतनं निघालेल्या खडीवर तीच बाई उजवा पाय धरून एकेक पाऊल उचलत होती. बाभळीच्या काट्यावर पाय पडावा तशी.

"दोन्ही मंगळवारचीच आहेत. मधे सात मिनिटं गेलीत फक्त. फरशीवर पाय दुखत नाही, यार्डात काम सांगितलं की दुखतो. आणि आपल्या दवाखान्याच्या चिठ्ठीतही तेच लिहिलंय."

"काय लिव्हलंय?"

"असू दे ते. सोमवारपर्यंत मोठ्या डॉक्टरांचा कागद आणा. नाही आणला तर हातोडी रोहिदासभाऊंकडे जमा करायची. साफसफाईत जागा आहे, तिकडे घेऊ तुम्हाला." थांबून, जरा खालच्या आवाजात तो पुढं बोलला, "राग मानू नका मावशी. पण जी बाई स्वतःच्या पायाबद्दल खरं सांगत नाही, तिच्या खडूच्या खुणेवर आम्ही गाडी कशी सोडायची?"

झाडू मारायची सोजराबाईला लाज नव्हती. कंपनीत ती आली तीच झाडूवर आली होती. पण हे शेवटचं वाक्य तिला गांधीलमाशीसारखं डसलं. तिच्या चौदा वर्षांत तिची खूण कुणी पुसली नव्हती.

ही खूण काय होती, ते सांगायला पाहिजे. चाकणच्या या कारखान्यात बिडाचं ओतकाम चालतं. ट्रकच्या पोटाखाली बसणारे ब्रॅकेट ओततात. ओतलेला माल वरनं सगळा सारखाच दिसतो. काळाभोर, गुळगुळीत. पण कधी पोटात पोकळी राहते, कधी केसाएवढी चीर जाते. ती डोळ्याला दिसत नाही. म्हणून दर ब्रॅकेट साखळीला टांगायचा, हातोडीनं टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांगला माल ठण्ण बोलतो आणि वर थोडा वेळ गुणगुणत राहतो. खोटीचा माल बद्द बोलतो. बद्द बोलला की त्याच्यावर पांढऱ्या खडूनं फुली. फुलीचा माल परत भट्टीत.

हे काम सोजराबाईला कुणी शिकवलं नाही. ती मूळची मावळातली, लग्न होऊन चाकणच्या बाजूला आली. सासरची जमीन कंपन्यांखाली गेली, नवरा भिमाजी दोन म्हशी आणि एक जुनी मोटरसायकल एवढा संसार राखून बसला, आणि ही ठेकेदाराकडनं झाडूला लागली. चौथी शिकलेली. पण आठवड्याच्या बाजारात मडकं घ्यायचं तर बोटाच्या पेरानं वाजवूनच घ्यायचं, हे तिच्या आईनं तिच्या कानात भरलेलं. एकदा झाडता झाडता तिच्या झाडूची दांडी मालाच्या ढिगाला लागली. ती थांबली. पुन्हा मारली. म्हणाली, "ह्यो एक बद्द हाय वो." लोक हसले. तेव्हाच्या फोरमननं गंमत म्हणून तो ब्रॅकेट करवतीवर कापायला लावला. पोटात लिंबाएवढी पोकळी निघाली. तिसऱ्या दिवशी सोजराबाईच्या हातात हातोडी आली.

आणि आता त्याच हातोडीला पायानं दगा दिला होता.

झालं होतं इतकंच. पाच आठवड्यांपूर्वी सकाळच्या शिफ्टला कंपनीच्या बसमधनं उतरताना तिचा पाय गेटाजवळच्या गटाराच्या तिरक्या झाकणावर पडला आणि आतल्या अंगाला वळला. आत काहीतरी कट्‌ केलं. तिच्या कानानं ते ऐकलं होतं, पण मालाचं ऐकायची सवय असलेलं माणूस स्वतःच्या हाडाचं कुठं ऐकतंय? ती तशीच टेबलावर गेली. दुपारी पाय कोहळ्याएवढा झाला तेव्हा कंपनीच्या दवाखान्यात गेली. तिथला कंपाउंडर सदाशिव. त्यानं चिठ्ठी लिहिली, घोट्याचा एक्स-रे काढून आणला. हाड शाबूत. आंबेहळदीचा लेप, आठ दिवस रजा. सूज उतरली. फरशीवर पाय चालायला लागला. पण जमीन जरा तिरकी असली, खडी असली, नांगरट असली, की बाहेरच्या घोट्याच्या गाठीखाली, टाचेच्या वरच्या अंगाला, कळ जायची ती पार गुडघ्यापर्यंत.

यार्डात माल मोजायला जायचं फोरमन रोहिदासनं सांगितलं, तेव्हा ती नको म्हणाली. तिथनं सगळं सुरू झालं.

घरी आल्यावर ती बसेना. भाकरी तव्यावर टाकून दारापर्यंत जायची, परत यायची. एक बाजू करपली.

"आगं, बस की एका जागी!" भिमाजी म्हणाला. "पाय दुखतोय का न्हाई तुपला? का त्या सायेबाचंच खरं?"

"तुमी बी म्हना."

"मी कुठं म्हनतो? मी इचारतो. घरात टकाटका चालती आन गोठ्यात शिरली का कण्हती. म्हशीला बी वाटतंय, ही श्यान काढायचा आळस करती."

भिमाजी चेष्टेनं बोलला, पण सोजराबाईला ते लागलं. कारण हेच तिलाही उमगत नव्हतं. फुटका माल जिथं माराल तिथं बद्दच बोलतो. हा कसला पाय, अर्धा वेळ ठण्ण आणि अर्धा वेळ बद्द? आणि सदाशिवनं चिठ्ठीत लिहिलं तरी काय? त्याच्या पोरीच्या लग्नात दोन दिवस तिनं पुऱ्या लाटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कंपनीत सदाशिव समोरनं आला, "काय सोजराबाई, पाय कसा हाय?" म्हणाला. तिनं तोंड फिरवलं. चालताना तिची नजर आता कॅमेरे शोधायला लागली. फरशीवर चालताना वाटायचं, जरा लंगडावं. मग स्वतःचाच राग यायचा, की हे मात्र खरोखरच नाटक होईल. बरं चालणंसुद्धा चोरी झाली होती.

शुक्रवारी पिंपरीला हाडाच्या डॉक्टरांकडं गेली. निमिषसाहेबानं सगळे कागद एका पाकिटात पिना मारून दिले होते. ते तिनं उघडलं नाही. कागदाला हात लावायची तिची रीतच नव्हती. डॉक्टरांनी त्यातल्या एक्स-रेवर नजर टाकली, बाकीचे कागद तसेच ठेवले आणि तिला पलंगावर बसवलं. आजवर ज्यांनी ज्यांनी पाय बघितला, त्यांनी पंजा वरखाली केला होता. तो छान व्हायचा. या डॉक्टरांनी एका हातानं नडगी घट्ट धरली, दुसऱ्या मुठीत टाच धरली आणि टाच डावी-उजवी हलवली.

"आय आय आय! मेले!"

"सपाट जमिनीवर दुखत नाही ना?"

सोजराबाई दचकली. "तुमाला कुनी सांगितलं? कंपनीतनं फोन आला व्हता का?"

"तुमच्या पायानं सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "दाराबाहेर उतार आहे, तो चढून आलात तेव्हाच बघितलं मी. एक स्कॅन काढून या. काळेवाडीत निघतं. साध्या एक्स-रेत ही जागा लपते."

शनिवारी भिमाजीनं तिला मोटरसायकलवर घातलं. मोशीच्या चौकात ट्रकांची रांग, धूळ, हॉर्न. सोजराबाई मागं बसून सारखी बोलत होती. डावीकडनं घ्या, आता उजवीकडनं घ्या, बारा वाजता बंद झालं म्हंजी? भिमाजी शेवटी म्हणाला, "तूच चालीव. मी मागं बसून वराडतो."

काळेवाडीच्या त्या सेंटरात तेजस्विनी नावाची पोरगी मशीनवर होती. पंचविशीची, केस वर बांधलेले, बोलायला चटपटीत. तिनं पाकिटातल्या कागदांच्या पिना काढल्या, ते चाळले आणि विचारलं, "मावशी, नक्की कुठं दुखतं?"

"खोट दुखती गं बाय. उजवी."

"खोट! किती दिवसांनी ऐकला हा शब्द. माझी आजी म्हणायची. खोटेला भेगा पडल्या, कोकम लाव." पोरगी हसली आणि मग हातातल्या एका चिठ्ठीकडं बघून तिचं हसू थांबलं. "ही चिठ्ठी कुणी लिहिली?"

"कंपाउंडरनं. काय लिव्हलंय त्या मुडद्यानं?"

"लिहिलंय, 'खोट दुखते'. पण वाचताना 'खोटं दुखते' असं वाचलं जातंय. ट-वर टिंब आहे. आणि इथं कडेला पेन्सिलनं दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय, 'कंपाउंडरच्या मते खोटं दुखणं'." तिनं चिठ्ठी दिव्याखाली धरली. "थांबा हं. अक्षरं काळ्या पेनची आहेत. टिंब निळं आहे. हा शिक्का बघा, निळा. शिक्क्याच्या शाईचा शिंतोडा आहे हा."

सोजराबाईनं चिठ्ठी हातात घेऊन ते टिंब बघितलं. खोट म्हणजे टाच. खोट म्हणजे मालातला दोष. ती तिच्या तोंडातला रोजचा शब्द, पण वाकडच्या पोराला टाचच ठाऊक. त्यात हे टिंब. एका शिंतोड्यापायी तिनं सदाशिवच्या रामरामाला उत्तर दिलं नव्हतं.

"पन मंग," ती अखेर म्हणाली, "टिंब पुसलं म्हनून खोट बरी थोडीच हुती? कागद लबाड निघाला, पाय खरा हाय ह्ये कशावरनं?"

"ते बघायलाच तर आलात. या, झोपा इथं. मी तुमच्या पायाचे पातळ पातळ सेक्शन घेते."

सोजराबाई टेबलावर अर्धी आडवी झाली होती ती ताडकन उठली. चप्पल शोधायला लागली.

"काय झालं?"

"सेक्शन न्हाई घ्यायचा मपल्या पायाचा! आमच्याकडं सेक्शन घेत्यात करवतीवं. धा हजारातला येक पीस कापत्यात, बघत्यात, आन भंगारात टाकत्यात. अवो, चला घरला!"

दाराबाहेर भिमाजी उभा राहिला. तेजस्विनीला आधी कळेना, कळल्यावर तिनं टेबलाचा आधार घेऊन हसून घेतलं. "मावशी, करवत नाही. हे मशीन न कापता कापतं. आत एक्स-रे गोल फिरतो आणि चकत्या कापल्यासारखी चित्रं काढतो. पाय आहे तसा घरी न्यायचा."

"फुकटच घाबरिवलं," असं म्हणत सोजराबाई पुन्हा आडवी झाली. पण आता तिला स्थिर राहता येईना. पायाची बोटं आपोआप हलायची. तेजस्विनीनं पायाला उशा लावल्या, पट्टा बांधला.

"हलायचं नाही हं."

"मी कुठं हालती? पाय हालतो."

"मग त्याला सांगा. बोलत राहते मी, तुम्ही ऐका. घोटा घोटा आपण म्हणतो ना, तिथं सांधे दोन आहेत. एकाखाली एक. वरचा सांधा पंजा वरखाली करतो. त्याच्याखाली घोट्याचं हाड टाचेच्या हाडावर बसलेलं असतं. तो दुसरा. तो पाऊल डावीकडं-उजवीकडं कलवतो. सपाट फरशीवर त्याला काही फारसं काम नसतं. दगडावर, उतारावर, बांधावर पाय पडला की त्याचीच सगळी हमाली."

"म्हंजी ओतायच्या साच्याच्या पेट्यांवानी," सोजराबाई छताकडं बघत म्हणाली. "खालची पेटी, तिच्यावं वरची पेटी. मधल्या फटीत येक खडा जरी ऱ्हायला, तरी वरची नीट बसत न्हाई."

"अगदी तसंच. आणि ही फट तिरकी आहे, बाजूची हाडं तिच्यावर येतात. म्हणून समोरनं आणि बाजूनं काढलेल्या एक्स-रेत दिसत नाही. आता गप्प."

मशीन घुमलं. दहा-बारा सेकंदांचं काम. पण सोजराबाईला ते अख्ख्या शिफ्टएवढं लांब वाटलं. तिनं श्वासही धरून ठेवला, जसा ती टोला दिल्यावर धरायची.

झाल्यावर ती थेट काचेच्या पलीकडच्या खोलीत शिरली.

"इथं यायचं नसतं, मावशी. आणि मी काही सांगायचं नसतं. मोठे डॉक्टर रिपोर्ट लिहितील, सोमवारी सकाळी मिळेल."

"तू नको सांगू. खोट हाय का न्हाई, मी बघती."

तेजस्विनीनं पडदा झाकला नाही. पडद्यावर राखाडी चकत्या एकामागनं एक सरकत होत्या. करवतीवर कापलेल्या मालाचे तुकडे सोजराबाईनं शेकड्यांनी बघितले होते. चांगल्या तुकड्याचा पोत एकसारखा असतो, कड सलग असते. ती पुढं वाकली. वरचं हाड, खालचं हाड, मधे काळी बारीक फट. फट बरोबर जात होती, जात होती, आणि बाहेरच्या अंगाला वरच्या हाडाचा कोपरा मुळापासनं सुटलेला. हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा. मधे केसाएवढी काळी रेघ.

तिनं काचेवर बोट ठेवलं. "ह्यो सुटलाय."

तेजस्विनी पडद्याकडंच बघत राहिली. "मी काही सांगितलेलं नाही हं," ती म्हणाली.

"न्हाई सांगितलं. मीच म्हनली."

बाहेर येऊन ती भिमाजीला म्हणाली, "बद्द हाय." हाड मोडलंय म्हणून एवढी खूश झालेली बाई भिमाजीनं जन्मात बघितली नव्हती.

पण ही खुशी रविवारी दुपारपर्यंतसुद्धा टिकली नाही. तिला वाटायला लागलं, मी लोखंड बघणारी, मला हाडातलं काय कळतंय? सावली असली तर? सगळ्यांच्याच पायात तसं असलं तर? तिनं भिमाजीचा पाय धरून त्याची टाच डावी-उजवी हलवून बघितली. तो भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, म्हणाला, "म्हैस बी आन तपासायला." तीन वेळा तिनं चिठ्ठीचं पाकीट उघडलं आणि बंद केलं. गोठ्यात जाऊन मुद्दाम उतारावर उभी राहिली. कळ आली. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

सोमवारी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि पेनानं पडद्यावर नेमकं तिथंच दाखवलं, जिथं तिनं बोट ठेवलं होतं. जुनं मोडलेलं, घोट्याच्या हाडाचा बाहेरचा कोपरा, खालच्या सांध्यात शिरलेली चीर. "मुरगळला म्हणून पुष्कळदा हे सुटतं," ते म्हणाले. दोन महिने घोट्याला पट्टा, काम बसून, खडीवर पाय नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर तुकडा काढावा लागेल. पाय पहिल्यासारखा होईलच, असं काही त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. तिनं विचारलं, "सपाट फरशीवं दुखत न्हाई आन खडीवं दुखतं, ह्ये कागदावं लिव्हता का, सायेब?"

त्यांनी लिहिलं. खाली सही केली. शिक्का मारायला घेतला तेव्हा सोजराबाई म्हणाली, "जरा बेतानं मारा."

दुपारच्या शिफ्टला ती निमिषसाहेबाच्या केबिनमध्ये उभी होती. त्यानं कागद दोनदा वाचला. मग तिनं चिठ्ठीतला घोळ सांगितला तशी त्यानं चिठ्ठी काढली, टिंबाकडं बघितलं, बोटानं घासून बघितलं. कान लाल झाले.

"मावशी, खोट म्हणजे टाच, हे मला खरंच माहीत नव्हतं हो. आमच्याकडे नाही म्हणत."

"तुमाला म्हाईत न्हाई, त्याचा आळ मपल्या पायावं का?"

"चुकलं माझं."

"मंग त्ये पेन्सिलीचं खोडा."

त्यानं ड्रॉवरमधनं खोडरबर काढलं. सगळं पुसून होईपर्यंत ती उभीच राहिली. "कॅमेऱ्यातली चितरं मातर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ती खरी हायेत."

दवाखान्याच्या दारात सदाशिव होता. तिला बघून तो बाजूला झाला, मागच्या वेळचा अनुभव होता. ती थांबली.

"सदाशिव, तुपल्या शिक्क्याला शाई कमी घाल."

"का गं?"

"मपल्या नोकरीवं शिंतोडे उडत्यात." आणि पिशवीतल्या शेंगा त्याच्या टेबलावर ओतून ती पुढं गेली. सदाशिवला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण शेंगा त्यानं खाल्ल्या.

शेडमध्ये रोहिदास तिच्याच टेबलापाशी उभा होता. हातोडी त्याच्याच हातात होती. साखळीला ब्रॅकेट टांगलेला, मागं मालानं भरलेला लोखंडी पाळणा, पलीकडं दारात गाडी लागलेली.

"आलीस का, मावशे? बरं झालं. मला समदे सारखेच ऐकू येत्यात. गाडी चारला सोडायची हाय."

कुणीतरी उंच स्टूल आणून ठेवलं होतं. सोजराबाईनं त्याचे पाय हलवून बघितले, एक डुगडुगत होता, त्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवला. मग बसली. हातोडी घेतली. टोला दिला.

ठण्ण. सोडला.

ठण्ण. सोडला.

तिसऱ्याला तिचा हात थांबला. पुन्हा मारला. रोहिदासनं घड्याळाकडं बघितलं. "मावशे, चार दिसांनी बसलीस, कान जरा—"

"गप."

तिनं कान जवळ नेला, तिसऱ्यांदा टोला दिला आणि खडू उचलला.

"खोट हाय," ती म्हणाली. "काढ बाजूला. फुडचा लाव."